कुसुमबाईची पऱ्हाटी

१२ जानेवारी २०२६

राख झाली. निम्मा खड्डा राख!

पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचा, थर पेटला आणि वरच्या काड्यांवर पांढरट साय दिसू लागली, की लगेच त्यावर दुसरा थर टाकायचा. खालच्याला हवा मिळत नाही, मग राख न होता कोळसा होतो. हे गावातल्या लोकांना मीच शिकवतो. आणि आज मीच कंपनीला पाठवलेला आधीचा फोटो मोबाईलवरून नीट गेला की नाही ते तपासत बसलो. वर पाहिलं तोवर खड्डा पांढरा.

तिरका फोटो काढून लपवता आलं असतं. लपवलं नाही. वर्ध्याहून येणारा सुपरवायझर पीयूष फोनवर हसला. म्हणाला, बारावी नापास शुद्धलेखनवाल्या, एक खड्डा गेला तर जग बुडत नाही. मागे मी त्याच्या फलकावरचं ‘शेतकर्यांसाठी’ दुरुस्त केलं, तेव्हापासून हेच नाव पडलं आहे.

जेवताना आईने विचारलं, हा कोळसा विकतात कुठे? विकत नाहीत, मातीतच मिसळतात, असं सांगितलं. मग पैसा कोण देतं? तिकडे युरोपातल्या कंपन्या देतात. त्यांच्या कारखान्यांचा, विमानांचा धूर हवेत जातो. तितका कार्बन जगात कुठेतरी मातीत गाडला, असं दाखवलं की त्यांचा हिशेब जुळतो. तसे नियम आहेत, देशादेशांचे. माती कुठलीही चालते, आपलीही.

आईने घास गिळला. मग म्हणाली, “म्हंजे थे लोक धूर करून राह्यले, अन् निस्तरून राह्यला तू.”

मी म्हणालो, तसं नाही.

१५ जानेवारी

आज दोन्ही खड्डे चांगले. कोळसा मोडताना काचेसारखा आवाज. चार बाजूंचे चार फोटो, पुन्हा तपासले. झोप लागेल.

१९ जानेवारी

आज वाईट वाटलं, आणि कोणाची चूक तेही कळत नाही.

ज्यांच्या शेतात सध्या आमचे खड्डे आहेत त्या सदाशिवकाकांच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कुसुममावशी सकाळी आली, खांद्यावर पऱ्हाटी उपटायचा चिमटा घेऊन. (नात्याची नाही. गल्लीत समोर राहते, आईबरोबर शेतात निंदायला जाते, म्हणून मावशी.) दरवर्षी वेचणी संपली की ती येते आणि काकांचं वरचं वावर उपटते. मजुरी घेत नाही. उपटेल त्याची पऱ्हाटी, हे आमच्याकडचं चालत आलेलं आहे. काकांचं वावर मोकळं होतं, तिची वर्षाची चूल भागते. तिच्या घरामागची पऱ्हाटीची गंजी मी लहानपणापासून पाहतो.

काकांनी तिला वावराच्या तोंडावरच थांबवलं. ओरडले नाहीत. उलट चहा पाजला. म्हणाले, “औंदा नाई जमत कुसुमबाई. समदी खड्ड्यात जाते. पोट्ट्याले इचार, त्याच्या कंपनीचं हाय.”

पोट्टा म्हणजे मी. हातात खड्ड्याचा ताप मोजायचा थर्मामीटर घेऊन उभा.

तिने माझ्याकडे पाहिलं. “तुह्या खड्ड्यातल्या कोळशावर भाकर भाजते का रे?” असं विचारून हसली. सगळे हसले. मीही हसलो, तेच आता टोचतं आहे. चिमटा खांद्यावर तसाच ठेवून ती परत गेली.

काकांनाही काय बोलणार? मागच्या खरिपात चाचणी म्हणून कोळसा मिसळलेल्या तुकड्यातली त्यांची वांगी उन्हाच्या ताणातही तरारून होती. पुलगावच्या बाजारात लोक विचारायचे. ते खोटं नाही. मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

२१ जानेवारी

आईला विचारलं, मावशीकडे गॅस आहे ना? म्हणाली, आहे की. शेगडीवर पितळेचा डबा ठेवला आहे. सिलिंडर दिवाळीत भरला होता, पाहुणे आले म्हणून.

२७ जानेवारी

पीयूष आला होता. पुढच्या महिन्यात ऑडिट आहे. बाहेरच्या देशाचा माणूस स्वतः येऊन पाहणार, लोकांशी बोलणार. पीयूषने मला बाजूला घेऊन प्रश्न-उत्तरं घोटवली. पऱ्हाटीचं आधी काय करत होते? वावरात जाळून टाकत होते. सरपण म्हणून वापरत होते का? नाही, गावात सगळ्यांकडे गॅस आहे.

मी म्हणालो, सगळे जाळत नव्हते. काही जण जाळत. बाकीची बाया नेत.

“कनेक्शन हाय ना सगळ्याइकडं? सरकारच्याच यादीत लिहेल हाय. आपण काऊन जास्तीचं बोलायचं?”

खरं आहे, यादीत आहे. एका योजनेने लिहिलं की घरोघरी गॅस पोचला. दुसरी योजना ते वाचून म्हणते, मग काड्यांची कोणाला गरज नाही. दोन्ही ठिकाणी कोणी खोटं लिहिलेलं नाही. आणि मधल्या मध्ये मावशीची चूल कुठे गेली?

जाताना पीयूष म्हणाला, बायांचं मी पाहतो, तू टेन्शन घेऊ नको. टेन्शन घेऊ नको म्हटलं की मला हमखास येतं.

३ फेब्रुवारी

मावशीच्या उजव्या हाताला फडकं. नाल्याकाठी वेडी बाभूळ तोडायला गेली होती, काटा तळव्यात आरपार. हात सुजला आहे. आठवडाभर निंदण बंद. आई आपल्या चुलीवर तिच्या दोन भाकरी जास्त टाकते.

मी विचारपूस करायला गेलो. तिने खताचं रिकामं पोतं चुलीत सारून वर काटक्या लावल्या होत्या. प्लास्टिकच्या धुराने डोळे उघडेनात. आणि मी दिवसभर कशासाठी राबतो? जगातला धूर कमी व्हावा म्हणून!

काही बोलावं म्हणून गेलो होतो. हात बरा आहे का, एवढंच विचारून आलो.

८ फेब्रुवारी

पीयूषकडून कार्यक्रमाच्या नियमांची फाईल मागून घेतली. इंग्रजीत आहे. एकेक परिच्छेद मोबाईलवर मराठीत करून वाचला, दोन दुपारी गेल्या. मोबाईलचं मराठी भयंकर, पण अर्थ लागतो.

त्यात एक ओळ सापडली. ज्या काडीकचऱ्यावर गरीब कुटुंबांचा स्वयंपाक चालतो, तो या कामासाठी घेऊ नये.

मी ती ओळ तीनदा वाचली. कोणी लिहिली असेल? कुठल्या तरी देशात, टेबलाभोवती बसलेल्या माणसांनी. त्यांना आमचं गाव माहीत नाही, पुलगाव माहीत नाही. तरी त्यांच्या डोक्यात कुसुममावशी आली! इथे आमच्या ग्रामसभेत खड्ड्यांचा ठराव झाला तेव्हा ती कोणाच्या डोक्यात आली नाही. माझ्याही नाही.

मग पुढची ओळ वाचली. असे आढळल्यास ते गाव कार्यक्रमातून वगळावे.

बस. तिला तिचा वाटा द्यावा, असं नाही. अर्धी पऱ्हाटी सोडावी, असंही नाही. वगळावे. लांबून पाहिलं की बहुतेक एवढंच करता येत असेल, हो किंवा नाही.

गाव वगळलं तर माझं काम जाईल. हे लिहायला मला इतका वेळ लागला, म्हणजे मनात पहिलं तेच आलं असणार.

१० फेब्रुवारी

उद्या ऑडिट. बोर्डावर तारीख, खड्ड्याचा क्रमांक, शब्द, सगळं तपासलं. जे तपासायचं ते तपासता येत नाही.

११ फेब्रुवारी

सगळा गाव गोऱ्या साहेबाची वाट पाहत होता. गाडीतून उतरल्या केनिया देशाच्या बाई, न्जेरी मॅडम. काळ्यासावळ्या, ठेंगण्या, पायात धुळीने भरलेले बूट. सदाशिवकाकांनी आणलेला हार हातातच राहिला, मग सावरून घातला. बरोबर नागपूरच्या मोहिनी मॅडम, बोलणं इकडचं तिकडे करायला.

न्जेरी मॅडमनी पऱ्हाटीची एक काडी उचलली, मोडून पाहिली आणि काहीतरी म्हणाल्या. मोहिनी मॅडमनी सांगितलं, यांची आई मक्याच्या धांड्यांवर रांधायची, ही काडी त्यापेक्षा बरी जळेल म्हणतात. बाया हसल्या. पीयूष हसला नाही.

दुपारी समाजमंदिरात बायांची बैठक. मी दाराशी उभा. सरळच प्रश्न आला. स्वयंपाक कशावर करता? बाया एकमेकींकडे पाहू लागल्या, मग सगळ्यांची नजर कुसुममावशीवर गेली. गल्लीत सगळ्यात जास्त तीच बोलते. हाताला अजून फडकं होतं.

तिने पदर नीट केला. माझ्याकडे पाहिलं, हे नक्की. मग म्हणाली, “आमी गॅसवर रांधतो. पऱ्हाटी काय कराले लागते?”

मोहिनी मॅडमनी ते इंग्रजीत सांगितलं. न्जेरी मॅडम त्या फडक्याकडे पाहत राहिल्या, पण लिहून घेतलं.

माझ्यासाठी बोलली ती! माझी नोकरी राहावी म्हणून.

१२ फेब्रुवारी

सांगून टाकलं.

न्जेरी मॅडम सकाळी खड्डे पाहायला आल्या. पीयूष पाण्याचा टँकर आणायला गेला होता. मी मोहिनी मॅडमना म्हणालो, मला एक सांगायचं आहे आणि ते जसंच्या तसं सांगा. उपटेल त्याची पऱ्हाटी, गॅसवरचा पितळेचा डबा, बाभळीचा काटा, सगळं सांगितलं. काल मावशी खोटं का बोलली, तेही सांगितलं.

न्जेरी मॅडमनी मधेच तोडलं नाही. शेवटी एकच प्रश्न विचारला. मोहिनी मॅडम म्हणाल्या, “त्या विचारतात, तुम्ही हे सांगताय ते त्या बाईंना माहीत आहे का?”

मी म्हणालो, नाही. पण यात तिचं भलंच आहे.

त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही. त्यांच्या देशात कशी हलवतात कोण जाणे.

दिवसभर हलकं वाटलं. इतकं हलकं वर्षात वाटलं नव्हतं.

१९ फेब्रुवारी

मेल आला. गाव वगळलं.

पीयूष चिडला असता तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाला, थर्मामीटर आणि कंपनीचा मोबाईल पुलगावला आणून दे. मग म्हणाला, माझ्याशी एकदा बोलायचं होतं यार.

सदाशिवकाकांनी रस्त्यात गाठलं. “लय खरं बोलणारा झाला तू. मी कोणाचं काय खाल्लं होतं, सांग ना.” त्यांनी खाल्लं नव्हतंच.

मी विचारलं, आता राहिलेल्या वावराची पऱ्हाटी मावशीला उपटू द्याल ना? वावरातच काड्यांचा चुरा, म्हणजे कुट्टी, करणारा ट्रॅक्टर आधीच सांगून ठेवला आहे, काका म्हणाले. कृषीवाले म्हणतात, बोंडअळी राहते पऱ्हाटीत, गावात गंजी लावू नका. कुट्टी मातीतच पडेल.

म्हणजे तेही बरोबर. सगळेच बरोबर आहेत! फक्त मावशीच्या घरामागची जागा रिकामी आहे.

२० फेब्रुवारी

ट्रॅक्टरचा आवाज दिवसभर. बाहेर पडलो नाही.

२२ फेब्रुवारी

मावशीकडे गेलो. माझ्यासाठी तू खोटं बोललीस, मला ते सहन झालं नाही, असं काहीतरी म्हणालो. ती सुपात ज्वारी पाखडत होती. थांबली.

“तुह्यासाठी? तुह्यासाठी काऊन बोलीन रे बाप्पा?” ऑडिटच्या आदल्या दिवशी पीयूष तिच्याकडे आला होता. हात बरा झाला की खड्ड्यावर रोजीनं ये, वर्षभराचं काम आहे म्हणाला होता. तिच्याबरोबर आणखी दोघींना. “त्याच रोजीतून सिलिंडर भरत गेली असती मी. गॅसवर रांधतो म्हटलं, थे महिन्याभरात खरंच होनार होतं. मले एक डाव इचारलं असतं तं?”

ती पुन्हा ज्वारी पाखडू लागली. रडली नाही, रागावलीही नाही. निघताना म्हणाली, “आता रिकामाच हाय ना तू? उद्या सकाळी नाल्यावर येजो. कोयता घेऊन.”