सुई तुझी, कापड माझं

दि. ४ मार्च

चि. सुईबाईस,
अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं मजेत आहोत. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय झालेत, ते या भिकार पेनामुळे. तुझी आई म्हणते, "नाचता येईना, अंगण वाकडं." तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.

पाकिटात पेनड्राइव्ह आहे, कचरा समजून फेकशील. त्यात तू शाळेत असताना माझ्यासाठी केलेला खेळ आहे. एकाने सुई चालवायची, दुसऱ्याने कापड सरकवायचं. तू कायम सुई, आणि मी जन्माचा शिंपी असून कापड! तो जुना कॉम्प्युटर कधीच भंगारात गेला, पण तुझ्या फ्लॉप्या मी दुकानातल्या बटणांच्या डब्यात ठेवल्या होत्या.

आपल्याकडे हल्ली एक बाई येतात. का येतात ते सोड, येतात. त्या म्हणाल्या, "काका, बोटांनी खेळायचं काही आहे का घरात?" मी डबा पुढे केला. त्यांनी कुठूनसं सगळं उतरवून आणलं आणि आपल्या लॅपटॉपवर एम्युलेटर घातला. म्हणजे नव्या कॉम्प्युटरने जुन्याचं सोंग घ्यायचं. ते इतकं बेमालूम असतं की तुझ्या खेळाला वाटतं, आपण आपल्याच घरी आहोत.

पहिल्या दिवशी मात्र फजिती झाली. सुई अशी सुसाट सुटली की मी चष्मा लावेपर्यंत शर्ट संपला. मी चिडलो, म्हटलं, पोरीचा खेळ बिघडवलात! पण बिघडलं काहीच नव्हतं. नव्या यंत्राच्या अंगात जोर फार, त्याला मुद्दाम सांगावं लागतं की बाबा रे, हळू चाल. बाईंनी वेग कमी केला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हालाही रोज हेच सांगते ना, काका?"

तू फोनवर विचारतेस, बाबा का बोलत नाहीत. आई सांगते, घसा बसलाय. इतके दिवस घसा बसत नसतो, हे तुलाही कळत असेल. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही म्हणतात. तब्येतीचंही फार दिवस येत नाही.

तू नव्या नोकरीवर गेलीस, त्याच आठवड्यात मला झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. पोर अर्ध्या वाटेतून परत येईल म्हणून मीच आईला शपथ घातली. ती रडली, भांडली, पण शब्द पाळला. रागवायचं तर माझ्यावर रागाव. आता मी चालतो, जीभ जरा अडखळते, हात मात्र ढिम्म. त्या बाई व्यायाम शिकवायला येतात. हे पत्र मी डाव्या हाताने लिहितोय. पेन चांगलं आहे.

रोज डाव्या हाताने सुई चालवतो आणि उजवा हात कापडाच्या बटणावर ठेवून बसतो. कापड हलायचं नाही. एकाच जागी टाक्यावर टाका पडत राहायचा. असलं शिवण दुकानात कुणी केलं असतं, तर मी त्याचा कान धरला असता. आई म्हणायची, "सरका, मी सरकवते कापड." मी तिला हात लावू दिला नाही.

काल कापड सरकलं. एकच घर, पण सरकलं. बाई ओरडल्या, आई स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी धावत आली, दोघी हसत होत्या. मला तू हवी होतीस गं. फार हवी होतीस.

आता लगेच बॅग भरू नकोस. नोकरी सोडलीस तर मी बोलणार नाही तुझ्याशी, आणि या वेळी खरंच बोलणार नाही. सुट्टी मिळेल तेव्हा ये. तोवर, बाई म्हणतात, दोन घरांतूनही हा खेळ जोडता येतो. संध्याकाळी कामावरून आलीस की सुई तू घे. मला वेळ लागेल. पूर्वीसारखं "बाबा, सरकवा ना!" म्हणून ओरडायचं नाही. बरं, थोडं ओरड.

खालची सही उजव्या हाताची आहे. अर्धी दुपार गेली तिच्यात. वाचता आली नाही, तरी माझीच आहे.

तुझा,
बाबा