डबीची डुलकी

मंगळवार, ४ मार्च

तेवीस दिवस वही उघडली नाही. कारण काही नाही, आळस. तीन वर्षांत पाच गावं झाली, या गावाची तरी रोज नोंद ठेवायची असं ठरवलं होतं. ठेवली की! पहिल्या पानावर दुकानाचा पत्ता आणि एका मांजराचं चित्र.

आज बसले कारण राग आलाय आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

दुकान लॅपटॉप-दुरुस्तीचं. मालकांना सगळे दादा म्हणतात, दादा मला भिंगरी म्हणतात — एका जागी बसत नाही म्हणून. डिप्लोमा दुसऱ्या वर्षी सोडला तोही त्याच पायी. तर आज तिसऱ्यांदा एका गिऱ्हाईक काकूंकडे गेले. काकांना दीड वर्षापूर्वी झटका आला. वाचा गेली, हातपाय गेले, डावा अंगठा तेवढा राहिला. समोर लॅपटॉप, अंगठ्याखाली साबणाच्या डबीएवढं बटण, वायरने जोडलेलं. दाबलं की पडद्यावर अक्षरांच्या ओळींवरून उजेड सरकायला लागतो. हव्या ओळीवर दाबायचं, मग हव्या अक्षरावर. वाक्य पुरं झालं की लॅपटॉप ते मोठ्याने वाचतो. काका चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासायचे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या, काकू म्हणतात, आणि घरी आल्यावर माझ्या.

तीन महिने झाले, बटण चालत नाही. म्हणजे मी गेले की चालतं! वायर काढते, पुन्हा लावते, दाबते, उजेड पळतो. काकू कसनुसं हसतात. मी दुकानात पोचते न पोचते तोच पुन्हा फोन.

आज त्या दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बटण चांगलं आहे गं. त्यांनाच बोलायचं नाही."

परगावच्या मुलाचंही तेच मत — बाबांनी मन काढून घेतलंय. रविवारी त्याचा फोन येणार. तोवर बाबा स्वतः बोलले नाहीत तर सोमवारी रुग्ण सांभाळणाऱ्या संस्थेची गाडी त्यांना न्यायला येणार, कायमची. दवाखान्यातून सुटल्यावर दोन महिने होतेच तिथे.

पण मी काकांच्या अंगठ्याकडे बघत होते. घट्टा पडलाय. चांगला टणक. ज्याला बोलायचंच नाही त्याच्या अंगठ्याला घट्टा कशाला पडेल?

बुधवार, ५ मार्च

घट्टा, घट्टा, घट्टा. दुसरं काही सुचत नाही. दादा म्हणाले, गिऱ्हाइकाकडे लक्ष दे.

गुरुवार, ६ मार्च

सापडलं! आणि तेही माझ्या उनाडपणामुळे.

काकूंकडून लॅपटॉप आणि बटण दुकानात आणलं. वायर बदलली, दाबून पाहिलं, ठणठणीत. तेवढ्यात समोरचा किल्लीवाला एका जुन्या तिजोरीशी झटत होता, ते बघायला गेले. पाऊण तास. दादांनी दुकानातूनच माझा उद्धार केला, तशी परत आले आणि काम करतेय असं दिसावं म्हणून बटण दाबलं.

काही नाही.

पडदा चालू, पंखा चालू, बटण मेलेलं. हात सवयीने वायरकडे गेला. आणि थांबला. पहिल्यांदाच थांबला!

मग संगणकाच्या आतल्या नोंदी उघडल्या. दादा शेजारी येऊन उभे राहिले, अडेल तिथे समजावत. मला कळलं ते असं — लॅपटॉप जागा असतो तेव्हा त्याचं सगळं अंग जागं नसतं. ऑपरेटिंग सिस्टिम सारखी बघत असते, कोण रिकामं बसलंय. कॅमेरा, स्पीकर, बाहेरून जोडलेली सटरफटर यंत्रं. रिकामं दिसलं की त्याची वीज कमी करते, झोपवते. बॅटरी वाचावी म्हणून, हेतू वाईट नाही. उठवायचं तर एक, वरून सिस्टिमने हाक मारायची, नाहीतर त्या यंत्रानेच आत कळवायचं की मला काम आलंय. पण असं कळवायला परवानगी लागते. कीबोर्डला ती असते. या डबीला नव्हती. पाच सेकंद सामसूम, की डबी झोपली. पुढे माणूस कितीही दाबो, आत पत्ताच नाही.

तीन महिन्यांपूर्वी मुलाने दूर बसूनच लॅपटॉप अद्ययावत केला होता. बाबांच्या भल्यासाठीच.

आणि मी! वायर काढून लावायची म्हणजे डबीला गदागदा हलवून विचारायचं, जागी आहेस ना? ती म्हणायची, हो. मी म्हणायचे, बघा काकू, चालतंय. तीनदा!

शुक्रवार, ७ मार्च

जोडून दिलं. सिस्टिमला बजावलं, या डबीला झोपवायचं नाही, आणि झोपलीच तर तिला आत कळवायची परवानगी आहे.

काका लगेच दाबत नाहीत. आधी अख्खं वाक्य मनात जुळवतात, ऱ्हस्व-दीर्घासकट, मग अंगठा हलतो. त्यात पाच सेकंद कधीच सरतात. आज पहिला शब्द, "पाणि". मी भांडं आणायला उठले तर काकूंनी मला खाली बसवलं. काका परत त्या अक्षरावर गेले, अकरा वेळा दाबलं, वेलांटी दीर्घ केली. मग लॅपटॉप म्हणाला, "पाणी".

काकू आणायला आत गेल्या त्या बराच वेळ बाहेरच आल्या नाहीत.

शनिवार, ८ मार्च

चैन! दुपारभर नदीवर. उद्या सगळं आपोआप होणार.

रविवार, ९ मार्च

कसलं आपोआप. सकाळी काकूंचा फोन, बटण गेलं. रात्री बॅटरी उतरून लॅपटॉप बंद पडला होता. सकाळी सुरू केला तर आपले जुने नियम वाचून उठला. मी बजावलेलं चालू यंत्राला, कायमचं लिहून ठेवलंच नव्हतं. दादांनी परवा सांगितलं होतं. मी तेव्हा खिडकीबाहेर बघत असणार.

मुलाचा फोन अकराला. दहा वाजता मी तिथे. दादांना फोन लावला, अंघोळीला निघाले होते. टॉवेल खांद्यावर टाकून एकेक अक्षर सांगत राहिले, मी लिहीत गेले. डबीचा नंबर, त्या नंबरापुढे नियम. बंद केला, चालू केला, थांबले. असं तीनदा. दर वेळी दहा मिनिटं, हात मांडीखाली घेऊन. आयुष्यात इतकी स्थिर बसले नव्हते. फोन वाजला तेव्हा तिसरी दहा मिनिटं चालूच होती.

मुलगा म्हणाला, बाबा, तुम्हीच सांगा काय करायचं. काका गप्प. एक मिनिट. दोन मिनिटं. पलीकडून सुस्कारा, "आई, हे बघ —"

"थांब," काकू म्हणाल्या. "वाक्य जुळवतायत."

अंगठा हलला. उजेड सरकायला लागला. आठ मिनिटं गेली असतील. मग लॅपटॉप त्या सपाट आवाजात म्हणाला, "मी रोज दाबत होतो."

काका थांबले नाहीत. पुन्हा चार मिनिटं. "गाडी नको."

मुलगा रडत होता बहुतेक. संस्थेला मीच कळवतो म्हणाला. त्याला ते अद्ययावत केल्याचं कुणी सांगितलं नाही. काकूंनी मला डोळ्यांनीच दटावलं.

मंगळवार, ११ मार्च

काकांनी बोलावून घेतलं. मला वाटलं शाबासकी! वीस मिनिटं खपून लिहिलं, "तिकडे हेच बटण. तिघे."

म्हणजे संस्थेत. दुपारी तिथे फोन केला. तिथल्या सिस्टरांचं म्हणणं, ते पेशंट आता प्रतिसाद देत नाहीत, आजार वाढलाय. मी डबीच्या झोपेचं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, मग विचारलं, "तुमचं शिक्षण काय?" खरं सांगितलं. त्यांनी फोन ठेवला. मी पुन्हा लावला. पुन्हा ठेवला.

गुरुवार, १३ मार्च

स्वतः गेले, दोन बस बदलून. फाटकावरच्या पहारेकऱ्याने विचारलं, नातेवाईक कोण? कुणी नाही. मग आत नाही. वाद घातला, उपयोग शून्य. शेवटी पिशवीतला कागद फाडून चिठ्ठी लिहिली, सिस्टरांना द्या म्हटलं — वायरला हात लावू नका. दहा मिनिटं काहीही करू नका. मग दाबा. खाली दुकानाचा पत्ता.

परतताना बसस्थानकावर पाट्या वाचत उभी राहिले. गावात जरा रुळले की माझे पाय शिवशिवतात. यावेळी नाही. ते तिघं बोलेपर्यंत हे गाव सोडायचं नाही. सोमवारी पुन्हा फाटकावर, मंगळवारी पुन्हा. नातेवाईकच हवा ना, तिघांपैकी कुणाची तरी भाची होईन.

शुक्रवार, १४ मार्च

दादांनी सोमवारची सुट्टी दिली. "मंगळवारचीही घे," म्हणाले.

शनिवार, १५ मार्च

गडबडीत लिहितेय, उभ्यानेच. दुकान उघडतोय तोच बाहेर टेम्पो थांबला. उतरल्या त्या संस्थेच्या सिस्टर! रात्रपाळी करून थेट आल्यात, पांढऱ्या साडीतच. पाणी दिलं तर घेईनात. म्हणाल्या, प्रत्येकापाशी दहा-दहा मिनिटं बसले, मग दाबलं, एकही बटण चालेना. दादा टेम्पोचा मागचा फाळका उघडतायत. मी म्हटलं, तिघांचे लॅपटॉप इथे टेबलावर ठेवू.

"तिघं काकांच्या खोलीतले," सिस्टर म्हणाल्या. "एकूण अकरा आहेत."