पुढची गाडी कोण घेणार

टुसॉन, ॲरिझोना
२२ फेब्रुवारी

ती. लवूकाका यांना,

अक्षदाचा वाकून नमस्कार. तुमचे दोन्ही गुडघे (जुना आणि नवा) एकमेकांशी जमवून घेत असतील अशी आशा आहे. कांताकाकीचं ब्लडप्रेशर, चाळीतलं पाणी आणि तुमची बुलेट यांची चौकशी याच क्रमाने करते आहे. बुलेट शेवटी ठेवली, म्हणजे काकीला बरं वाटेल.

हे कागदावर लिहितेय, कारण फोनवर पाठवलं की तुमचा मनू ते चाळीला मोठ्याने वाचून दाखवतो. माझी रूममेट श्रेया परवा दादरला घरी येतेय, तिच्या हाती देते. ती तोंडी काही सांगू लागली तर तिला चहा द्या आणि आधी हे वाचा.

तुम्ही विचारलंत की, ऑपरेशनमुळे यंदा तुम्ही घरीच बसणार, तर पाडव्याच्या शोभायात्रेत आपल्या बायकांच्या पथकाची पुढची गाडी मी घेईन का. मी पाडव्याला आठ दिवस येतेच आहे, तेव्हा हो की नाही ते होळीच्या आत कळवायचं. काका, एकवीस गाड्या, नऊवाऱ्या, फेटे, दोन्ही बाजूंना गिरगाव, आणि पुढे मी! वडाळ्याच्या मिठागराकडे गाडी शिकवताना तुम्ही मला एकच गोष्ट पढवली होती, "पुढच्याच्या दिव्यार नजर ठेव गो, बाकी काय बघू नको." पाच वर्षं मी पथकात अकरावी होते. अकरावीच्या पुढे दहा दिवे असतात. पहिलीच्या पुढे काय असतं ते बघायला मी गेल्या शनिवारी वाळवंटात गेले.

मी आणि श्रेया, दोन भाड्याच्या मोटरसायकली. पहाटे निघालो (मी टायरमधली हवा तीनदा तपासली, श्रेया म्हणते पाचदा, पण दोनदा मी नुसती बघितली होती). रस्ता म्हणजे फूटपट्टीने आखलेला, डावीकडे काही नाही, उजवीकडे तेच. वळण आलंच तर मी तुमच्या सवयीने हॉर्न दिला. ऐकायला एक ससा होता. इथे निवडुंग दोन-दोन मजली असतात आणि ट्रॅफिक हवालदारासारखे हात वर करून उभे राहतात. पहिल्या पाचांना मी गाडी हळू केली. पाचव्यानंतर श्रेयाने शेजारी येऊन हेल्मेटची काच वर केली आणि ओरडली, "अक्षे, ते झाड आहे गं!"

दुपारी एके ठिकाणी रस्त्याचं काम चालू होतं. अशा वेळी एक बाई छोट्या ट्रकमधून येते आणि थांबलेल्या गाड्यांना कामातून पलीकडे नेते. तिच्या मागे मोठी पाटी असते, 'माझ्या मागे या'. रांगेत मी पहिली, माझ्यामागे श्रेया, आणि आमच्यामागे पांढऱ्या दाढ्यांचे चौदा आजोबा, प्रत्येकाची गाडी म्हशीएवढी. ट्रक निघाला. काका, जन्मात मला इतकी स्पष्ट सूचना कुणी दिली नव्हती. मी नजर ठेवली. सहा मैलांवर काम संपलं, ट्रक डावीकडे खडीत वळला. कुठपर्यंत मागे यायचं हे पाटीवर नव्हतं, म्हणून मीही वळले. श्रेया हॉर्न वाजवत होती. मला वाटलं, हुरूप देतेय.

ट्रक एका पत्र्याच्या शेडसमोर थांबला. बाई जेवणाचा डबा घेऊन उतरली आणि तिने सोळा मोटरसायकली बघितल्या.

"बाळ," ती म्हणाली, "मी जेवायला आलेय."

"आता तिच्या डब्यात पण घुस!" श्रेया मराठीत म्हणाली.

मी सगळ्यांची माफी मागितली, मग राहिलेल्यांची मागितली. त्या चौदांच्या म्होरक्याला विचारलं, तुम्ही का आलात? तो म्हणाला, "तू इतक्या खात्रीने वळलीस!" काका, माझ्याबद्दल 'खात्री' हा शब्द आपल्या घराण्यात अजून कुणी वापरलेला नाही.

पण पुढचं ऐका. जागा अरुंद, खाली भुसभुशीत खडी, आणि म्हशी वळवायच्या. एक आजोबा कलंडलेच होते. तेव्हा मी उतरले आणि ठाकूरद्वारच्या कोपऱ्यावर तुम्ही करता तसे दोन्ही हात वर केले. शेवटचा आधी, एका वेळी एक, पुढचा ब्रेक कुणी दाबायचा नाही, पाय खाली, नजर वर. मी चक्क ओरडत होते. सोळाही गाड्या बाहेर आल्या, एकही आडवी झाली नाही. ती बाई डबा बाजूला ठेवून टाळ्या वाजवत होती. मग म्होरक्या म्हणाला, पुढच्या गावापर्यंत तूच पुढे हो. चाळीस मैल, काका! आरशात पंधरा दिवे, सरळ रेषेत. मी हेल्मेटच्या आत थोडी रडले (काच खाली होती, वाहतुकीला अडथळा झाला नाही).

काकीला नमस्कार, मनूला अर्धा.

तुमचीच,
अक्षदा

ता. क. उत्तर लिहायचं राहिलं. हो.

ता. क. २. श्रेया सांगेलच, म्हणून मीच सांगते. त्या चाळीस मैलांत आमच्यापुढे एक पाण्याचा टँकर होता. त्याचा डावा दिवा छान लाल होता.

ता. क. ३. तेव्हा पथकाच्या यादीत माझ्या नावाच्या वर आधी तुमचं लिहा. मनूच्या स्कूटरवर मागे बसून माझ्यापुढे दहा हात राहा, मग मी कुठेही नेईन एकवीस जणींना. गुडघ्याचं कारण सांगू नका. स्कूटरवर बसण्यापुरता तो वाकतो, असं तुमच्या डॉक्टरांनी काकीला सांगितलंय. मी तिला दोनदा फोन करून खात्री करून घेतली आहे.