शनीची कडी आणि अडकलेली लिफ्ट

तीर्थरूप काका,

साष्टांग नमस्कार मनापासून, पण कागदावरच, कारण पाठ सध्या वाकत नाही. ती का वाकत नाही हे सांगायलाच लिहायला बसलोय. तुमचा खोकला कसा आहे? काकूचे गुडघे काय म्हणतात? इकडे सगळे मजेत (पाठ सोडून).

आत्याचे यजमान गेल्यापासून तुमची ही धाकटी बहीण खिडकीतल्या खुर्चीतून उठत नव्हती, हे तुम्हाला ठाऊक आहेच. जन्मभर टेलिफोन खात्यात बसून साऱ्या गावाशी बोललेली बाई, पण घरात दिवसाला चार-दोन वाक्यं, तीही माझ्या दुकानातल्या पडद्यांना नावं ठेवणारी. अशात कळलं, की कोपऱ्यावरच्या वाचनालयाच्या गच्चीवर सर्वांसाठी आकाशदर्शन आहे. थंडीचं स्वच्छ आकाश, चंद्र नाही, दुर्बिणीतून शनी, आणि नशीब जोरावर असेल तर उल्कावर्षाव. दुर्बीण आमच्या गल्लीतल्या चष्मेवाल्यांची (साठीचे गृहस्थ, लग्न केलेलं नाही, बोलता बोलता समोरच्याचा चष्मा काढून काड्या सरळ करून देतात). आत्याला म्हटलं, चल. ती म्हणाली, शनी मला दुर्बिणीशिवायच पुष्कळ दिसलाय. पण शाल घेऊन निघाली खरी.

तिला खाली वाचनालयात टेकवून मी गच्चीवर पोहोचतो तर इमारतीतल्याच व्यायामशाळेची गच्चीवरची पाटी अशी झगझगत होती, की तारे सोडा, विमानंसुद्धा दिसेनात. वाचनालयाचे अध्यक्ष हताश झाले. मी पडद्यांचा माणूस, मला राहवतंय होय? दुकानातून सगळ्यांत जाड पडदा आणला, शिडी लावली आणि पाटीवर पांघरायला गेलो. पडद्याची पितळी दांडी नेमकी कुठे टेकली ते अजून कळलेलं नाही. फट्ट झालं, ठिणगी उडाली, मी पडद्यासकट कुंड्यांमध्ये, आणि अख्खी इमारत अंधारात. (लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पडलो म्हणून की अंधार झाला म्हणून, ते विचारलं नाही.)

पण काका, काय आकाश दिसलं म्हणून सांगू! कृत्तिकांचा झुबका, पूर्वेला नुकतं वर आलेलं मृग, आणि पाठीवर उताणा पडल्यामुळे सगळ्यांत चांगली जागा माझी. अध्यक्ष आकाशाकडे पाठ करून उल्कांवर भाषण देत होते, तेव्हा त्यांच्या मागून तीन उल्का गेल्या. लोक ओरडले तसे ते विनयाने खाली वाकले.

मग दुर्बिणीची रांग. अध्यक्षांनी पहिला डोळा लावला आणि म्हणाले, कडी अगदी स्पष्ट आहेत. मागच्या बाईंनाही दिसली. मलाही दिसली (जरा तिरकी वाटली). कोणीतरी शनीला दोन-तीन चंद्रही जोडले. तेवढ्यात एक आजोबा म्हणाले, "अहो, यात बघायचं भिंगच नाहीये." भिंग चष्मेवाल्यांच्या खिशात होतं आणि चष्मेवाले लिफ्टमध्ये. आत्याला जिना चढवत नाही म्हणून ते तिला घेऊन वर येत होते, तेवढ्यात माझी दांडी टेकली होती.

आधीच घराबाहेर न पडणारी बाई, आणि आता ही अंधारी पेटी! चौकीदाराने धावपळ करून वीज आणली, दिवे लागले, पंखे फिरले, पण लिफ्ट ढिम्म. आम्ही दारावर बुक्क्या मारल्या, धीर धरा म्हणून ओरडलो. बऱ्याच वेळाने लिफ्ट आपोआप वर आली. आत्या बाहेर आली ती हसत. चार वर्षांत मी तिला असं पाहिलं नव्हतं. चष्मेवाल्यांनी भिंग बसवलं आणि पहिला मान तिला दिला. ती कितीतरी वेळ दुर्बिणीला डोळा लावून उभी राहिली, मग हळूच म्हणाली, "एवढा लांब आहे, पण किती नीटनेटका राहतो." मागची रांग कुरकुरली नाही. मला एकदम डोळे पुसावेसे वाटले (पडद्याची धूळ असावी).

काकूला नमस्कार. खोकल्याकडे दुर्लक्ष करू नका.

तुमचा पुतण्या

ता. क. : तुमची जुनी दुर्बीण माळ्यावर पडून असेल तर पाठवाल का? पुढच्या महिन्यात चंद्रग्रहण आहे.

आणखी ता. क. : खरं म्हणजे दुर्बिणीसाठी लिहिलंच नव्हतं. आत्या आणि चष्मेवाले लग्न करायचं म्हणताहेत. घरात सगळ्यांना पसंत आहे, फक्त तुम्हाला सांगायचं धाडस कोणाला होईना, म्हणून पाठ दुखत असूनही मला बसवलंय. तुम्ही थोरले, नाही म्हणू नका.

दादा, हा नुसता विचारतोय, मी कळवतेय. रविवारी या. आणि वीज आल्यावर लिफ्ट लगेच सुरू होत होती. थांबवायचं लाल बटण मीच दाबून धरलं होतं, बोलणं अर्धवट राहिलं होतं म्हणून. याला सांगू नका, फार घाबरला होता बिचारा. पाकीट मी चिकटवतेय.