हरीचा बॅनर आणि माझा हार

कात्रप, बदलापूर पूर्व
मंगळवार

ती. तुळशीवन्सं यांस,

गंगूचा नमस्कार. (लांबूनच घ्या, गुडघे वाकत नाहीत.) तुमची कंबर कशी आहे? सुनेला सांगा, रीलमध्ये सासूची कंबर चोळतेस तशी रील संपल्यावरही चोळ. मी फोनच केला असता, पण तुम्ही तो स्पीकरवर लावता आणि अर्धं जांभूळ गाव ऐकतं.

तर पहिली गोष्ट, मी जिवंत आहे. कुणी काही सांगितलं असेल तर रडणं थांबवा. म्हणजे सुरू केलं असेल तर.

झालं असं, की तुमचा भाचा हरिचंद्र येत्या रविवारी पन्नास वर्षांचा होतोय. आमच्या वेळी माणूस पन्नाशीला आला की गप्प बसायचा. ह्याने परवा नाक्यावर वीस फुटी बॅनर लावला, ‘कात्रपचा दिलदार राजा’. (ह्या राजाने पाहुण्याला चहा विचारलेला मी अजून ऐकला नाही.) फोटोत कानाला फोन, नजर आभाळात, जसा काही कलेक्टर ह्याला विचारून सही करतो. (प्रत्यक्षात माझी सून कोथिंबीर आणायला सांगत होती.) खाली शुभेच्छा देणारी सत्तावीस डोकी. त्यातला धर्मेश, हरीचा कंपनीतला दोस्त, टेप घेऊन शिडीवर चढला. आपलं डोकं शेजारच्यापेक्षा बोटभर लहान निघालं म्हणून कालपासून बोलत नाही. सून रुसलीय, कारण तिला इतकी गोरी केलीय की ओळखूच येत नाही. नातू सुजित तीन ठिकाणी आहे, तिन्हीकडे काळा चष्मा.

आता बॅनरच्या वरच्या पट्टीत ‘आशीर्वाद’ म्हणून गणपती, एकवीरा आई आणि घरातली गेलेली माणसं असतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. आजी घरात मोठी, म्हणून सुजितने तिथे आजोबांबरोबर माझाही फोटो पाठवला. उल्हासनगरच्या बॅनरवाल्याने तुमच्या भावाच्या फोटोवर हार बघितला आणि मलाही एक घातला. मी फोनवर झापला तर म्हणतो, “माताजी, जोडी में मॅचिंग अच्छा लगता है.”

काल सकाळी सातला भजनी मंडळाच्या बायका दारात. दार मीच उघडलं. बनूबाई किंचाळली आणि वर मलाच ओरडली, “अगं गंगे, मग कळवायचं नाही होय! तुमच्याकडे चूल पेटणार नाही म्हणून पहाटे उठून पिठलं-भाकरी केली मी!” म्हटलं, आणलीयस तर ठेव. (मीठ कमी होतं. मयताच्या घरी कोण बोलतंय, असं वाटलं असेल तिला.) येताना ह्याच बायकांनी बॅनरखाली सेल्फी काढला. मागे हारातली मी, पुढे ह्या, केस सारखे करून. स्टेटसला माझ्यापेक्षा बनूबाईची साडीच जास्त दिसते. एकीच्या डोळ्यात पाणी असेल तर शपथ.

आता हरी नवा बॅनर छापतोय, तर सत्तावीसच्या सत्तावीस जणांनी फोटो बदलून दिलेत. ज्याला त्याला आपलंच थोबाड! मला बाई असल्या गोष्टींचं काही नाही. कंबरेला जपा.

तुमची भावजय
गंगू

ता. क. तुमच्या लेकीच्या, मनालीच्या बारशातला माझा फोटो तुमच्या ट्रंकेत आहे, नथ घातलेला. तो शुक्रवारच्या आत पाठवा. बॅनरवर तुमचा भाऊ पस्तीस वर्षांचा आणि मी बहात्तरची. भाजीवाला हरीला विचारत होता, “म्हातारीचा मुलगा आधी गेला का हो?” मला मेलेली म्हणाले त्याचं काही नाही, पण हे लागलं.

आणखी एक. त्या फोटोत शेजारी तुम्ही आहात. तुम्हाला कापायला सांगते, राग नसावा.

आणि फोटो वेळेत नाहीच आला, तर हार काढू नको म्हणून बॅनरवाल्याला सांगून ठेवलंय. गळ्याच्या सुरकुत्या झाकल्या जातात. बायका परत रडायला आल्या तर येऊ देत, बनूबाईला फक्त मिठाचं आधी सांगते.