नव्या पाटीवरची हिरवी ओळ

ता. ९ मार्च, रविवार

प्रिय वन्सं,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे मी ठणठणीत आहे. वेळेवर जेवते आणि तुम्ही बजावल्याप्रमाणे रोज चालायला जाते. बरं, रोज नाही. तुमच्याशी खोटं बोललेलं मला पचत नाही.

ती रंगीत ई-इंकची पाटी कशी आहे, मीही घेऊ का, असं विचारलंत. शिवाय, "दुकानदारासारखी गोड बोलू नकोस, खरं काय ते लिही." तर ऐका. लोक तिला टॅब्लेट म्हणतात, मी पाटीच म्हणते. हे पत्रही तिच्यावरच लिहून तुमच्या फोनवर पाठवणार आहे. अक्षर माझंच आहे, तेव्हा यंत्राला नावं ठेवू नका.

आधी कौतुक. फोनसारखा उजेड डोळ्यांवर आदळत नाही. खिडकीत भर उन्हात बसावं, तरी पान छापील कागदासारखं स्वच्छ दिसतं. बारीक अक्षर मोठं करता येतं. पेन टेकवलं की पेन्सिलीसारखी खरखर होते. पहिल्या दिवशी मी नुसत्या रेघोट्या ओढत बसले होते, वेड्यासारखी. चार्जिंगचं तर विसरायलाच होतं. तुमचे डोळे हल्ली चुरचुरतात ना, त्यांना ही मानवेल.

आता उणं. पान उलटताना लुकलुकते आणि घाई केली की रुसून बसते. आणि रंग! "हजारो रंग आहेत, ताई," असं दुकानदार म्हणाला. असतीलही, पण सगळे धुऊन धुऊन विटलेल्या कपड्यांसारखे. लाल त्यातल्या त्यात लाल दिसतो. निळा मळकट. गडद हिरवा तर सरळ काळाच दिसतो. या हिरव्यानेच माझी फजिती केली.

आमच्या प्रकाशनात मुलांच्या पुस्तकांची प्रुफं आता पाटीवर येतात. मी लाल पेनाने चुका दाखवते आणि चित्रकार हिरव्या पेनाने उत्तरं देतात. हे चित्रकार म्हणजे उंच, विसराळू, खिशात ओला ब्रश ठेवून स्वतःचा सदरा रंगवून घेणारे गृहस्थ. मी त्यांना तोंडावर कुंचलेबुवा म्हणते. पुस्तकातला मजकूरही तेच आपल्या सुंदर अक्षरात हाताने लिहितात, त्याला छापील टाइप नसतोच.

परवाचं पुस्तक डोंगरावर एकट्या राहणाऱ्या अस्वलाचं होतं. शेवटच्या पानावर अस्वल घरी येतं, दार लावतं, संपलं. खाली आणखी एक ओळ होती: "एकट्याने जेवायचा कंटाळा आलाय. आपण दोघांनी एकत्र राहायचं का?"

डोळ्यांत तेल घालून प्रुफं वाचणारी मी! ओळीवर लाल रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, "दोघं कोण? दुसरं अस्वल आलं कुठून? गोष्टीशी संबंध नाही. वगळा."

पुढच्या प्रुफात ओळ गेलेली होती. कुंचलेबुवाही गेल्यासारखेच झाले. माझ्या टेबलाशी चहाला येईनात, जिन्यात भेटले तर वरच्या दिव्याकडे बघत. मला वाटलं, सर्दी झाली असेल.

मग जुनं आणि नवं प्रूफ ताडून बघायला मी ऑफिसच्या मोठ्या कॉम्प्युटरवर बसले. सगळा मजकूर काळा होता आणि ती एकच ओळ हिरवीगार! मी कपाळाला हात लावला, मग हसू फुटलं, मग डोळे भरून आले. टायपिस्टबाईंना वाटलं, पगारवाढ झाली.

चुकून खोडलेलं तसंच ठेवायचं असेल तर आम्ही त्याखाली टिंबं देतो. मी पाटी उचलली, जुन्या प्रुफातल्या त्या ओळीखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत टिंबं दिली आणि त्यांच्या खोलीत जाऊन समोर धरली.

त्यांनी बघितलं. "म्हणजे... ठेवायची?"

"ठेवायची. पण पुस्तकात नको."

एवढं ऐकून त्यांनी रंगाच्या पाण्याचा पेला लवंडवला आणि चांगलं वाळलेलं अस्वल भिजून चिंब झालं. ते पुसायचं सोडून हे गृहस्थ हसतच उभे.

वन्सं, पाटीचं एवढं पुराण लावलं ते याच्यासाठी. ताकाला जाऊन भांडं लपवत होते. ही बातमी तीनदा लिहिली आणि तीनदा पुसली. आता राहू देते. मला फार आनंद झालाय. भांडी घासताना गुणगुणते मी, या वयात! लोक म्हणतील, दुसरा घरोबा केला. म्हणू देत.

तुमचा भाऊ मला रोज आठवतो आणि आठवत राहील. हे कुंचलेबुवांना सांगितलं. ते म्हणाले, "न आठवून कसं चालेल?"

परवानगी मागत नाहीये, मी हो म्हणून मोकळी झाले आहे. भीती आहे ती वेगळीच. हे गेले तेव्हा सगळी माणसं पांगली आणि तुम्ही मात्र राहिलात. माझे केस विंचरलेत आणि म्हणालात, "भाऊ गेला गं. भावजय तरी राहू दे मला." त्या शब्दांवर मी उभी राहिले. नवरा पुन्हा मिळाला, वन्सं. नणंद मला दुसरी नको आहे.

पुढच्या महिन्यात लग्नाची नोंदणी आहे. तीन साक्षीदार लागतात. त्यांच्याकडून त्यांचे दोघे धाकटे भाऊ येताहेत. माझ्या बाजूने मी कुणालाही विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. तुम्ही आलात तर सही करा, आणि आधी रागवायचं असेल तर पोटभर रागवून मग करा.

आलात तरी आणि नाही आलात तरी,

तुमचीच
भावजय