आमा घर घेईना

३ मार्च

आमाचं, माझ्या आजीचं, सगळं क्रियाकर्म उरकून आलो. आयुष्यभर मेलेल्यांसाठी जाळायची कागदाची घरं बांधली बाईनं, स्वतःसाठी एक खोलीसुद्धा बांधून ठेवली नाही! आता ते माझ्या गळ्यात. बी-श्या मावशी परतताना गाडीतच सांगून मोकळी झाली — तीन मजले, लिफ्ट, दोन मोलकरणी. मी म्हटलं, आमाला मोलकरीण कधी चालली? तर म्हणे, तिला नाही चालली तरी शेजाऱ्यांना दिसायला हवी.

आई आली होती. आमाची धाकटी लेक, पण उभी राहिली पाहुण्यासारखी. उदबत्ती लावली आणि नाश्त्याचं दुकान उघडायला निघून गेली.

६ मार्च

बांबू चिरला. बोट कापलं. आमा असती तर आधी बांबूला डाग पडला का ते बघितलं असतं.

१९ मार्च

सज्जा झाला. लिस्बनच्या निळ्या फरशीचा, हुबेहूब. आमा आपली घरं घेऊन परदेशी जिथे प्रदर्शनाला जायची तिथलं काहीतरी मनात भरून आणायची आणि आमच्या लुकांगमधल्या पुढच्या गिऱ्हाइकाच्या घरात बसवायची. त्साय खाटकाला लिस्बनची फरशी. मासळीवालीला मेक्सिकोची झुलती झोळी. ती बाई जन्मात शेजारच्या ताइचुंगच्या पलीकडे गेली नव्हती. कुणाची तक्रार आली नाही.

लिस्बनच्या लोकांना तिचं घर संग्रहालयात ठेवून घ्यायचं होतं. आमानं शेवटच्या दिवशी ते अंगणात नेलं आणि पेटवलं. बंब आला. तिचं एकच — जाळलं नाही तर पोचणार कसं? त्यांनी पुन्हा बोलावलं नाही. बाकी सगळीकडून बोलावणी येत राहिली.

आमाची कामाची शेड फार शांत वाटते. कुणी चुका काढत नाही. मला आमा हवी आहे.

२ एप्रिल

मावशी घर बघायला आली. "एवढंसं?" म्हणाली. मग स्टुलावर बसली ती उठेचना. सांगत होती — आमा बॅग भरायला लागली की लहानगी आई त्या उघड्या बॅगेत जाऊन बसायची. मला पण ने! दोन माणसं लागायची उचलून काढायला. आमा म्हणायची, पुढच्या खेपेला.

"पुढची खेप कुठली यायला," मावशी म्हणाली. "तिचं लग्न आलं."

लग्नाची गोष्ट अख्ख्या गल्लीला पाठ आहे. आमा तेव्हा फ्रान्समध्ये, ल्योंला. लग्नाच्या सकाळी पार्सल आलं — लाल कागदाची सूटकेस! बांबूचा सांगाडा, उघडझाप होणारी कडी, आत कागदाचे कपडे, कागदाचा पासपोर्ट, त्यावर आईचं नाव. नवरीला कागदाची वस्तू! जिवंत माणसाला असलं कुणी देतं का? अपशकुन टळावा म्हणून बाबांच्या आईनं दारात मीठ उधळलं. आमा महिन्याभरानं परतली तेव्हा एवढंच म्हणाली, "मला दुसरं काय करता येतं?"

आईनं ती सूटकेस नाल्यात फेकली म्हणे. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. बाजारात समोरासमोर आल्या की आमा भाजीशी बोलायची.

मला दोघींचाही राग येतो. एकीचाच आला असता तर सोपं झालं असतं.

१३ एप्रिल

घर पुरं झालं. उद्या शेवटचा सातवा, म्हणजे एकोणपन्नासावा दिवस, उद्याच जाळायचं. रीतीनं घर लेकींनी द्यायचं असतं, म्हणून आईला बोलवायला दुकानात गेले. ती अंड्याची धिरडी उलटत होती. म्हणाली, "तिला घराची हौस कधी होती? आणि दुकान कोण बघणार?"



१४ एप्रिल

आमानं घर घेतलं नाही!

म्हणजे घेतलं, पण शेवटी. नदीकाठी मंत्र झाले, मावशीनं कौल लावला. लाकडाचे दोन तुकडे — एक उताणा, एक पालथा पडला की हो. दोन्ही पालथे पडले, म्हणजे नाही. घर लहान आहे का गं? पालथे. मोलकरीण देऊ? दोन्ही उताणे, म्हणजे हसली. मावशी रडकुंडीला आली. कौल मिळाल्याशिवाय काडी लावता येत नाही, आणि आज घर पोचलं नाही तर आमा कायमची उघड्यावर. पुजारीबुवा घड्याळ बघायला लागले.

शेवटी मी विचारलं, आई आली नाही म्हणून का?

एक उताणा, एक पालथा.

मावशीनं फोन लावला. "ये बाई. आता तरी हट्ट सोडा." आईला आणि आमाला, दोघींनाही सांगत असावी.

आई स्कूटरवरून आली, अंगावर एप्रन तसाच. पायाशी लाल सूटकेस. कोपरे सुटलेले, रंग विटलेला, बाकी धडधाकट. नाल्याचं पाणी तिला कधी लागलेलं नव्हतं. आईनं ती कागदी दारातून आत सरकवली.

"घे तुझी वस्तू परत," म्हणाली, आणि कौल टाकला.

पालथे. पुन्हा टाकला. पालथे. आईनं दात-ओठ खाऊन तिसऱ्यांदा टाकला. तेच.

मग आई वाकली, सूटकेस बाहेर काढली, पोटाशी धरली आणि एका हातानं कौल टाकला. एक उताणा, एक पालथा. पहिल्याच फटक्यात.

घर भराभर पेटलं. सज्जा सर्वांत शेवटी गेला. आई सूटकेस सांभाळत खाली बसली आणि लहान मुलीसारखी हमसून रडली. मावशी रडली. मीही रडले.

१५ एप्रिल

दुकान बंद! आई सकाळी शेडमध्ये आली — माझ्या आठवणीत पहिल्यांदा. सूटकेसचे कोपरे माझ्याकडून चिकटवून घेतले, कडी दोनदा उघडून-लावून पाहिली. म्हणाली, "माझ्या वेळी घर बांधत बसू नकोस. ही जाळून दे. घाई नाही. पण उदबत्ती लावशील तेव्हा तिला सांगून ठेव, पुढच्या खेपेला मी येतेय."